गावाचे पर्यावरण आणि निधीच्या वाटा : अनुदाने, पुरस्कार व पूर्वतयारी

१९७२ हे वर्ष महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले ते दुष्काळाचे वर्ष म्हणून. विहिरी आटल्या, जनावरे मातीमोल भावाने विकावी लागली आणि लक्षावधी हात दुष्काळी कामांवर खडी फोडण्यात गुंतले. त्याच वर्षी जून महिन्यात स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाचा विचार करणारी संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली मोठी परिषद भरली. ५ जून रोजी ती सुरू झाली आणि पुढे हाच दिवस जागतिक पर्यावरण दिन म्हणून पाळण्यात येऊ लागला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तथापि, त्यांतून निघालेले दोन प्रवाह आज गावाच्या वेशीवर येऊन मिळाले आहेत. माती धरून ठेवणे, पाणी अडविणे व झाड जगविणे हा दुष्काळाने शिकविलेला धडा हा त्यांतील एक प्रवाह होय. पर्यावरण रक्षणाच्या कामासाठी राज्य, राष्ट्र व आंतरराष्ट्रीय पातळीवर निर्माण झालेले विविध निधी हा दुसरा.

हे दोन प्रवाह वेशीवर आले असले, तरी गावात शिरतातच असे नाही. एखाद्या गावाने वर्षानुवर्षे आपले रान राखलेले असते. परंतु त्याची कोठेच नोंद नसल्यामुळे त्याचा प्रस्ताव पहिल्याच छाननीत बाजूला पडतो. दुसऱ्या एखाद्या गावाचा प्रस्ताव सुबक असतो, अनुदानही मिळते, आणि तीन वर्षांनी तेथे रोपांच्या जागी केवळ खड्डे व नामफलक उरतो. पहिल्या गावाचा हक्काचा आधार हुकतो. दुसऱ्या गावात सार्वजनिक पैसा वाया जातो आणि त्याहून वाईट म्हणजे गावकऱ्यांचा अशा कामांवरील विश्वास उडतो. हे दोन्ही टाळावयाचे असेल, तर कोणत्या कामासाठी कोणता निधी उपलब्ध होतो आणि तो मागण्यापूर्वी गावाने काय सिद्ध ठेवावे, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन अधिकारी यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अनुदान व पुरस्कार यांतील भेद

अनुदान हे पुढे करावयाच्या कामासाठी असते. त्याला अंदाजपत्रक, मुदत, टप्पे आणि हिशेब यांची चौकट असते. पुरस्कार हा झालेल्या कामासाठी असतो आणि त्यासाठी पुरावा लागतो. हा भेद साधा वाटला, तरी अनेक अर्ज येथेच चुकतात. पुरस्काराच्या अर्जात संकल्पांची यादी दिली जाते, तर अनुदानाच्या अर्जात मागील कार्याचा गौरव केला जातो. परीक्षकास मात्र पुरस्कारासाठी मोजमाप हवे असते आणि अनुदानासाठी नियोजन.

तिसरा प्रकार स्पर्धात्मक अभियानांचा. यात आधी मार्गदर्शन व निकष मिळतात, काम गाव स्वतःच्या बळावर करते आणि गुणांकनानंतर पारितोषिक मिळते. महाराष्ट्रास हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. २०००-०१ मध्ये तत्कालीन ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हे त्याचे ठळक उदाहरण होय. या अभियानात बक्षिसे मोजक्याच गावांना मिळाली. परंतु ज्यांना बक्षीस मिळाले नाही, अशा हजारो गावांतील रस्ते, गटारे व परिसरही श्रमदानाने स्वच्छ झाले. स्पर्धेत उतरताना ग्रामसभेने हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. बक्षीस मिळाले नाही तरीही जे काम गावास हवेच आहे, तेच काम स्पर्धेसाठी निवडावे.

राज्य व राष्ट्रीय पातळीवरील अभियाने

राज्य शासनाच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर त्याची आखणी आहे. भूमीमध्ये वृक्षलागवड व घनकचरा व्यवस्थापन, जलमध्ये जलसंधारण व सांडपाण्यावरील प्रक्रिया, अग्नीमध्ये ऊर्जेची बचत व अपारंपरिक ऊर्जा, अशी कामांची विभागणी असून प्रत्येक कामास गुण असतात. पहिल्या वर्षी ६८६ नागरी व ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्थांनी त्यात भाग घेतला आणि ५ जून २०२१ रोजी निकाल जाहीर झाला. कागदपत्रांची तपासणी व प्रत्यक्ष पाहणी अशा दोन्ही रीतींनी मूल्यमापन होत असल्यामुळे, वर्षभराच्या नोंदी ठेवणाऱ्या ग्रामपंचायतीस येथे स्वाभाविकच लाभ होतो.

त्यापूर्वी २०१० मध्ये ग्रामविकास विभागाने पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना हाती घेतली होती. लोकसंख्येच्या प्रमाणात झाडे लावून ती जगविणे, करवसुली, शौचालयांचा वापर, प्लॅस्टिकवर नियंत्रण, सांडपाण्याची व्यवस्था हे तिचे निकष होते. एका वर्षाचे निकष पूर्ण केल्यावरच पुढील वर्षाचा निधी, हे तिचे सूत्र होते. झाडांच्या संख्येबरोबर करवसुलीची अट पाहून काही गावांना आश्चर्य वाटले. परंतु जे गाव आपली घरपट्टी व पाणीपट्टी वसूल करू शकत नाही, ते रोपवाटिकेवरील माळ्याचा पगार कोठून देणार, हा त्यामागील विचार होता. हाच विचार पुढील बहुतेक योजनांत या ना त्या स्वरूपात आढळतो.

राष्ट्रीय पातळीवर २०२२ मध्ये पंचायत पुरस्कारांची पुनर्रचना करण्यात आली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये स्वीकारलेली १७ शाश्वत विकास ध्येये पंचायतींसाठी ९ विषयांत मांडण्यात आली असून ‘जलसमृद्ध गाव’ आणि ‘स्वच्छ व हरित गाव’ हे त्यांतील दोन विषय थेट पर्यावरणाशी निगडित आहेत. २४ एप्रिल २०२५ रोजी पंचायतराज दिनी वातावरणीय बदलाविषयीच्या कामासाठीचे विशेष पंचायत पुरस्कार देण्यात आले. त्यांतील पहिला पुरस्कार गोंदिया जिल्ह्यातील डव्वा (एस) या ग्रामपंचायतीने पटकाविला. पुण्यामुंबईपासून दूर, राज्याच्या पूर्व टोकावरील जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीने देशात पहिला क्रमांक मिळवावा, ही गोष्ट लहान गावांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पाणलोट क्षेत्र विकासाची अनुदाने

माती व पाण्याच्या कामांसाठी राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, म्हणजेच नाबार्ड, ही महत्त्वाची संस्था आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेच्या द्वारे महाराष्ट्रात १९९२ पासून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबविण्यात आला. त्या अनुभवाच्या आधारे पुढे १९९९-२००० मध्ये नाबार्डकडे स्वतंत्र पाणलोट विकास निधी उभारण्यात आला. या कार्यक्रमाची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण अनुदान देणारी यंत्रणा गावाकडे कोणत्या दृष्टीने पाहते हे तीवरून ध्यानात येते.

येथे प्रथम संपूर्ण पाणलोटाचे अनुदान दिले जात नाही. आरंभी क्षमताबांधणीचा टप्पा असतो. त्यात थोड्याच क्षेत्रावर काम करून गावाची एकजूट, श्रमदानाची तयारी आणि हिशेबाची शिस्त पाहिली जाते. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळण्याचा निर्णय गावाने स्वतः घ्यावयाचा असतो. ग्राम पाणलोट समिती स्थापन होते व तीत स्त्रियांचाही समावेश असतो. प्रत्येक गटनंबरावर, त्या त्या शेतकरी कुटुंबाला सोबत घेऊन, कोठे बांध घालावयाचा व कोठे झाड लावावयाचे याचे नियोजन केले जाते. या कसोटीस उतरल्यावरच पूर्ण अंमलबजावणीचा टप्पा सुरू होतो. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे अवर्षणग्रस्त गाव १९९६ च्या सुमारास याच मार्गाने पाणलोट कामात उतरले आणि ओसाड डोंगरउतारांवर पुन्हा गवत आले. गवत वाढू देण्यासाठी मोकाट चराई थांबविणे ही शेळ्यामेंढ्यांवर पोट असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने सोपी गोष्ट नसते. म्हणूनच असा निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या साक्षीने, मेंढपाळांचे म्हणणे ऐकून आणि त्यांच्या चाऱ्याची पर्यायी सोय ठरवूनच घ्यावयास हवा. कोणा एका गटावर भार टाकून केलेले संवर्धन फार काळ टिकत नाही.

राज्य शासनाची आदर्श गाव योजना १९९२ पासून याच विचारावर उभी आहे. अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धी येथील कामातून पुढे आलेली श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व नसबंदी ही पंचसूत्री गावाने आधी स्वीकारावी, मग निधी मिळावा, असा तिचा क्रम आहे. या योजनेत आलेल्या हिवरे बाजार गावाने, तत्कालीन सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली, पुढे आणखी एक पाऊल टाकले. दरवर्षी पावसाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवावयाचे, अशी पद्धत तेथे रूढ झाली. उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके आणि शेतीसाठी खोल विंधन विहिरी यांवर गावाने स्वतःच निर्बंध घातले. या गावास २००७ मध्ये राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला व २०२० मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. पुरस्कार येण्यापूर्वी कित्येक वर्षे ताळेबंदाची वही गावात चालू होती, हे येथे विशेषत्वाने नमूद करावयास हवे.

वन, जैवविविधता आणि किनारपट्टी

वनाशेजारच्या गावांसाठी वाट निराळी आहे. केंद्र शासनाच्या १ जून १९९० च्या परिपत्रकानंतर महाराष्ट्राने १९९२ मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचा निर्णय घेतला. चांगले काम करणाऱ्या समित्यांसाठी राज्यात संत तुकाराम वनग्राम योजनेखाली पुरस्कारांची सोय झाली. २००६ च्या वन हक्क कायद्याने सामूहिक वन हक्क मान्य केले आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये असा हक्क मिळाला. ज्या गावाजवळ हक्काचा असा अभिलेख आहे, त्याच्या प्रस्तावास मुळातच वजन येते. कारण ‘जागा कोणाची?’ हा छाननीतील पहिला प्रश्न तेथे निकालात निघालेला असतो.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने १९९० च्या दशकाच्या आरंभी वनसंरक्षण समिती स्थापन केली. झाड तोडणाऱ्यास दंड, राखणीसाठी पाळ्या, लाकूडफाट्यासाठी नियम, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले आणि चारशे हेक्टरांहून अधिक वन राखले. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. म्हणजे आरंभ आणि राष्ट्रीय सन्मान यांत तीन दशकांहून अधिक अंतर आहे.

जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख काम आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही कायद्याची पूर्तता म्हणून केली जाते आणि कपाटात राहते. वस्तुतः गावातील देवराई, पाणवठे, रानभाज्या, माशांच्या जाती, बियाण्यांचे वाण यांची ही नोंद म्हणजे कोणत्याही पर्यावरणविषयक प्रस्तावाचा तयार पाया होय. संवर्धनापूर्वी काय होते, हे त्यावरूनच दाखविता येते.

किनारपट्टीवर राज्याच्या वन विभागाच्या कांदळवन कक्षामार्फत २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना राबविण्यात आली. खेकडे, कालवे व जिताडा यांचे पालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा उद्योगांसाठी तीत गटांना खर्चाच्या ९० टक्के व व्यक्तीस ७५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. उरलेला वाटा लाभार्थींनी उचलावयाचा होता. कांदळवन टिकले तरच खेकडा व कालवे टिकतील, या सरळ हिशेबामुळे संरक्षण व चरितार्थ यांची येथे सांगड घातली गेली.

आंतरराष्ट्रीय निधी

१९९१ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमामार्फत चालतो. स्वयंसेवी व स्थानिक लोकसंस्थांना दिल्या जाणाऱ्या या अनुदानाची कमाल मर्यादा दीर्घकाळ ५० हजार डॉलर इतकी होती. अनुदानाच्या बरोबरीने संस्थेने व लोकांनी रोख, श्रम वा साहित्याच्या रूपाने आपला वाटा उभा करावा, ही त्यातील अपेक्षा महत्त्वाची आहे. पुरस्कारांमध्ये याच विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ २००२ पासून निसर्गाधारित लोककार्यास दिला जातो. मराठवाड्यातील दुष्काळी भागात स्त्रियांना अन्नपिकांच्या शेतीकडे वळविणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेस तो २०१७ मध्ये मिळाला.

असे निधी विशिष्ट प्रदेश व विशिष्ट काळ यांना बांधलेले असतात. ‘क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंड’ या आंतरराष्ट्रीय निधीने पश्चिम घाटात २००८ ते २०१५ या काळात अनुदाने दिली व नंतर तो कार्यक्रम येथे संपला. म्हणून जुन्या माहितीपत्रकावर विसंबून अर्ज न करता त्या वर्षीचे आवाहन, प्रदेश व मुदत यांची खात्री करून घ्यावी. तसेच विदेशी निधी स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालील नोंदणी वा पूर्वपरवानगी आवश्यक असते. २०२० च्या दुरुस्तीनुसार ही रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रसंघ व त्याच्या विशेष संस्था यांना मात्र कायद्याने ‘विदेशी स्रोत’ या व्याख्येतून वगळले आहे.

उद्योगांचे सामाजिक दायित्व

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये, विहित मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वाच्या कामांवर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणीय संतुलन, वनस्पती व प्राणी यांचे रक्षण, माती, हवा व पाणी यांची गुणवत्ता या कामांचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीने आपल्या परिसरातील कामास प्राधान्य द्यावे असेही त्यात म्हटले आहे. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांनी या तरतुदीचा अवश्य उपयोग करावा. काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक झाली असल्याने, संस्थेची निवड करताना ही बाब प्रथम पाहावी. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ज्या उद्योगाच्या सांडपाण्याविषयी गावाची तक्रार आहे, त्याच उद्योगाकडून बाग वा वाचनालय स्वीकारल्याने ती तक्रार मिटत नाही. प्रदूषणाचा प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व देणगीचा विषय ग्रामसभेत, असे दोन्ही स्वतंत्र ठेवावेत.

प्रस्तावाची पूर्वतयारी

निधी कोणताही असो, प्रस्तावाचा आरंभ गावाच्या अडचणीच्या मोजमापापासून व्हावा. ‘गावात पाणीटंचाई आहे’ या वाक्यापेक्षा ‘मागील तीन वर्षांत कोणत्या महिन्यापासून टँकर लागला, किती खेपा झाल्या, किती विहिरींची पातळी कोणत्या महिन्यात किती होती’ ही माहिती अधिक बोलकी असते. ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात व गावकऱ्यांच्या स्मरणात असतेच; ती एका कागदावर आणावयाची असते.

त्यानंतर जागेचा प्रश्न येतो. गायरान, वनजमीन, गावठाण व खाजगी शेत यांचे नियम भिन्न आहेत. सातबारा उतारा, नकाशा आणि आवश्यक तेथे संबंधित विभागाची संमती जोडलेली नसेल, तर उत्तम प्रस्तावही अडून राहतो. याबरोबर ग्रामसभेचा ठराव, तांत्रिक मान्यता असलेले अंदाजपत्रक, संस्थेच्या वा पंचायतीच्या मागील तीन वर्षांच्या हिशेबतपासणीचे अहवाल व कामापूर्वीची छायाचित्रे सिद्ध ठेवावीत. एकाच बांधाचा वा एकाच रोपवनाचा खर्च दोन योजनांत दाखविला जाणार नाही, याची दक्षता ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी घ्यावी. दोन योजनांची सांगड घालण्यास हरकत नसते. एकच खर्च दोनदा दाखविणे हा दोष ठरतो.

अंदाजपत्रकात सर्वाधिक चुका देखभालीच्या बाबतीत होतात. उदाहरणादाखल १,००० रोपांची लागवड घ्यावी. पावसाळा संपल्यावर सुमारे ३५ आठवडे, आठवड्यातून एकदा, प्रत्येक रोपास १० लिटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर एका वर्षास साडेतीन लाख लिटर पाणी लागते. ५,००० लिटरच्या टँकरच्या या ७० खेपा झाल्या. रोपांची किंमत व खड्ड्यांची मजुरी यांबरोबर या ७० खेपांचे पाणी, वाहतूक, कुंपण व राखणदार यांची तरतूद नसेल, तर ते अंदाजपत्रक वृक्षलागवडीचे असते, वृक्षसंवर्धनाचे नव्हे. पाण्याची इतकी सोय गावाकडे नसल्यास १,००० ऐवजी ३०० रोपांचा प्रस्ताव पाठवावा. जगलेली ३०० झाडे पुढील प्रस्तावास मोठा आधार देतात.

माहिती मिळविण्यासाठी दूर जावे लागत नाही. ग्रामपंचायतींच्या योजनांसाठी पंचायत समिती व जिल्हा परिषद, पाणलोटासाठी नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक व मृद व जलसंधारण विभागाचे कार्यालय, वृक्षलागवडीसाठी सामाजिक वनीकरण विभाग, तर नव्या प्रयोगांसाठी जिल्हा नियोजन समिती ही जिल्ह्यातील ठिकाणे होत. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर सर्वांना उपलब्ध असतात. त्यांतील पात्रतेचे व मुदतीचे परिच्छेद ग्रामसभेत वाचून दाखविण्याचे काम शिक्षकांनी आवर्जून करावे.

शाळांचा वाटा

२००१-०२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय हरित सेनेचा उपक्रम सुरू केला आणि शाळाशाळांत पर्यावरण मंडळे स्थापन झाली. शाळेच्या आवारातील बागेपुरते त्यांचे काम सीमित ठेवण्याचे कारण नाही. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस लिहिणे, महिन्यातून एकदा ठरलेल्या पाच विहिरींची पातळी दोरीने मोजणे, लावलेल्या रोपांपैकी जगलेली रोपे दर सहा महिन्यांनी मोजणे, ही कामे सातवी-आठवीचे विद्यार्थी उत्तम करू शकतात. पाच वर्षांची अशी वही ज्या शाळेत असेल, त्या गावाला पुरस्काराचा अर्ज भरण्यास एक दुपार पुरेल; आणि विद्यार्थ्यांना भूगोल व गणित हे विषय आपल्याच गावाच्या मातीतून शिकावयास मिळतील.

निधी संपल्यानंतर

२००३ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या निर्मल ग्राम पुरस्कारात महाराष्ट्राने देशात आघाडी घेतली होती. तथापि, पुरस्कार मिळविलेल्या अनेक गावांत काही वर्षांनी शौचालयांचा वापर घटला व उघड्यावर जाण्याची जुनी सवय परतली, हेही पुढील पाहण्यांत दिसून आले. पुरस्काराच्या वर्षी समिती जागरूक असते. नंतर ती विसर्जित होते, पदाधिकारी बदलतात आणि खर्च कोणी करावयाचा याचे उत्तर कोणाजवळच नसते. यावर उपाय प्रस्तावाच्या वेळीच करावा लागतो. पाणलोट कार्यक्रमांत लोकवर्गणीचा काही भाग देखभाल निधी म्हणून बाजूस ठेवण्याची पद्धत आहे. तीच पद्धत इतर कामांतही अवलंबिता येईल. पुरस्काराच्या रकमेतूनही काही हिस्सा गाळ काढणे, बांधांची दुरुस्ती व रोपांची राखण यांसाठी नियमांच्या मर्यादेत राखून ठेवावा आणि त्याचा स्वतंत्र हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडावा.

‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतींनी स्वतःचे विकास आराखडे तयार करण्यास २०१५-१६ पासून प्रारंभ झाला. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील अनुदानांपैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती. त्यामुळे पर्यावरणाची कामे आराखड्यात आणण्याची सवय ग्रामपंचायतींना लागलेली आहे. बाहेरील अनुदान व पुरस्कार हे या आराखड्याला पूरक ठरावेत. आराखडा नसताना निधीच्या मागे धावल्यास निधी देणाऱ्याच्या सोयीचे काम गावात होते. आराखडा हाती असल्यास गावाला आपल्या गरजेचे काम निवडता येते व न पेलणारा निधी नम्रपणे नाकारताही येतो.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात राज्यात आहे. यांपैकी १ मेच्या सभेत विहिरींच्या पातळीची नोंद, १५ ऑगस्टच्या सभेत लावलेल्या रोपांची यादी, २ ऑक्टोबरच्या सभेत पाण्याचा ताळेबंद आणि २६ जानेवारीच्या सभेत जगलेल्या रोपांची संख्या वाचून दाखविण्याचा परिपाठ प्रत्येक गावास घालून घेता येईल. यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. एक वही, एक दोरी आणि दर महिन्याचा थोडा वेळ एवढेच त्यास लागते. आणि अनुदान देणारी वा पुरस्कारासाठी पाहणी करणारी समिती गावात आली, म्हणजे ती प्रथम मागते तीही हीच वही.